अरविंद नेत्र रुग्णालय, मदुराई: आईचा मोतीबिंदू आणि मिनिटांचा हिशेब

आमच्या दुकानातला केर आम्ही रस्त्यावर टाकत नाही. झाडलेली धूळ डब्यात जाते, हात धुतलेलं पाणी पिंपात साठतं, भट्टीपुढचं पायपुसणंसुद्धा वर्षाच्या शेवटी जाळून त्याची राख मुशीत घालतो. सोन्याचा कण कुठं चिकटून बसला असेल सांगता येत नाही. मी गलाईवाला, विट्याजवळच्या एका खेड्यातला. एकोणतीस वर्षं झाली, मदुराईत साउथ आवणी मूल स्ट्रीटच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. जुनं सोनं आटवायचं, टंच म्हणजे सोन्याचा कस काढायचा, चोख करून द्यायचं. खानापूर-आटपाडीकडची आमच्यासारखी माणसं देशात जिथं जिथं सराफ कट्टा आहे तिथं तिथं सापडतील. गावाकडं पाऊस नव्हता, म्हणून बापजाद्यांनी भट्टी धरली.

हे आधी सांगायचं कारण, मी लिहितोय डोळ्यांच्या हॉस्पिटलबद्दल, पण तिथं मला जे दिसलं ते आमच्या धंद्याच्या नजरेनंच दिसलं.

आई गावाकडं असते. वय पंच्याहत्तरच्या पुढं. दोन वर्षांपासून उजव्या डोळ्यानं धुरकट दिसायचं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कळेना, बांधावरून येताना दोनदा पडली. पुतण्यानं तिला आमच्या भागातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी सकाळी सहाची एसटी धरून गेली, दुपारी चारला कळलं की डॉक्टर ऑपरेशनला आहेत, आज बघणार नाहीत. दुसऱ्या खेपेला डॉक्टर होते, पण लेन्सचा नंबर मोजायचं मशीन चालवणारी बाई रजेवर. तिसऱ्या खेपेला मशीन होतं, बाई होती, पण आधीचा कागद सापडेना. तीन दिवस ती बाकड्यावर बसून. पुतण्याचा तीन दिवसांचा रोजगार गेला, आईनं बाहेरचं खायचं नाही म्हणून पोटात काही नाही, आणि डोळा होता तसाच. घरी येऊन म्हणाली, "डोळा गेला तर गेला, पर त्या बाकड्यावर म्या पुन्यांदा बसायची न्हाय."

एवढ्या दिवसांत दवाखान्यातल्या कुणीही तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. सगळे आपापल्या कामात होते. तिचे तीन दिवस कुणाच्याच हिशेबात नव्हते, एवढंच.

मग मी तिला मिरजेहून रेल्वेनं मदुराईला आणलं. संक्रांतीचे दिवस होते, इथला पोंगल नुकताच झाला होता. लेक आणि जावई चाकणहून आले होते. जावई गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉप सांभाळतात. पत्रा दाबून त्याला आकार द्यायचे ते मोठाले प्रेस. घरात आल्यावरसुद्धा त्यांचं घड्याळाकडं लक्ष असतं, आणि मला त्याचं कौतुक वाटतं. ते म्हणाले, "मामा, मी येतो बरोबर. आमच्या ट्रेनिंगमध्ये या अरविंद हॉस्पिटलचा धडा होता."

मी चाट पडलो. एकोणतीस वर्षं या गावात आहे. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांनी भरलेल्या त्यांच्या बसगाड्या मी कितीदा बघितल्या असतील. डोळ्यांचं स्वस्तातलं चांगलं हॉस्पिटल, इतकंच मला माहीत होतं. त्याचा धडा चाकणच्या कारखान्यात शिकवतात, हे नव्हतं माहीत.

सकाळी पावणेसातला अण्णा नगरला हॉस्पिटलात पोचलो. वेळ आधी ठरवून घ्यावी लागत नाही, येईल त्याला बघतात. गर्दी बघून आईनं माझा दंड घट्ट धरला. तिला बाकडं आठवलं असणार. पण ती गर्दी उभी राहणारी नव्हती, चालणारी होती. नाव नोंदवलं, कागद मिळाला, आणि पहिल्या सिस्टरनं आईला हाताला धरून नेलं. तिथून पुढं आई एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. एकीनं नजर तपासली. आईला वाचता येत नाही, तर तिच्यासाठी इंग्रजी ई अक्षराचा तक्ता होता. त्या अक्षराचे दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. दुसरीकडं डॉक्टरांनी पहिली पाहणी केली. पुढं डोळ्याचा दाब, अश्रूंची नळी, रक्तदाब, साखर. मग चष्म्याचा नंबर. मग बाहुली मोठी करायचे थेंब. आई एका जागी बसून राहिली ती एवढीच, थेंबांचा अंमल चढेपर्यंत. शेवटी मोठ्या डॉक्टर बाईंनी बघितलं तेव्हा त्यांच्यापुढं सगळं लिहून तयार होतं. त्यांनी कुठलाही कागद शोधला नाही, कुणाला हाक मारली नाही. डोळा बघितला, दोन प्रश्न विचारले, सांगितलं, पिकलाय, काढायला हवा.

जावयांनी फोनमध्ये वेळ लावली होती. दारातून आत आल्यापासून ऑपरेशन ठरेपर्यंत दोन तास दहा मिनिटं. गावाकडं तीन दिवसांत जे झालं नव्हतं ते.

त्या सिस्टरांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गाडी त्यांच्यावर चालते. बहुतेक जणी आसपासच्या खेड्यांतल्या मुली. बारावीनंतर हॉस्पिटलच त्यांना दोन वर्षं शिकवतं, शिकताना विद्यावेतनही देतं, आणि प्रत्येकीला एका कामात पक्की करतं. कुणी नंबर काढण्यात, कुणी ऑपरेशनच्या टेबलाशी, कुणी वॉर्डात. जी मुलगी दिवसभर दाबच मोजते तिचा हात चुकत नाही. आमच्याकडं टंच काढणारा माणूस कसोटीवरची रेघ बघूनच आकडा सांगतो, तसंच. डॉक्टरनंच करायचं असं जेवढं आहे तेवढंच डॉक्टरच्या वाट्याला येतं, बाकी सगळं या मुली उचलतात. आईला तमिळ येत नाही हे एकीच्या लगेच लक्षात आलं. तिनं स्वतः वर बघून दाखवलं, "मेले पारुंगा," मग खाली बघून दाखवलं, "कीळे पारुंगा." संध्याकाळपर्यंत हे दोन शब्द आईला पाठ. आता गावाकडं नातवंडांना वर बघायला सांगायचं तर मेले पारुंगा म्हणते.

डॉक्टर बघून झाल्यावर एका वेगळ्या टेबलाशी बसवलं. तिथल्या सिस्टरचं काम फक्त समजावून सांगायचं. लेन्स कुठल्या, कुठलीनं काय होतं, खोली कुठली, एकूण पैसे किती, सगळं कागदावर लिहिलेलं. मी आकडा इथं लिहीत नाही, लेन्सप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे तो बदलतो. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी मोफतचा विभाग आहे, तिथं जायला दाखला-पुरावा मागत नाहीत. आम्ही पैसे भरून केलं. आणि घासाघीस करावीशी वाटली नाही, जे मला बाजारात क्वचितच वाटतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. मला आत जाता आलं नाही, तेव्हा आतलं मी सांगतो ते आईच्या तोंडचं. तिला झगा आणि टोपी घालून बायकांच्या रांगेत बसवलं. कुठला डोळा त्याची खूण कपाळावर चिकटवलेली. दर टप्प्यावर नाव विचारायचे आणि खूण बघायचे, इतक्यांदा की आई वैतागली. मग टेबलावर निजवलं, तोंडावर कापड आलं, डोळा तेवढा उघडा. "शेजारच्या टेबलावर दुसरी बाई हुती. डागदरीण बाई तिच्याशी बोलत हुत्या. माझ्याजवळची पोरगी डोळा धूत हुती, काय काय लावत हुती. मग तिकडलं बोलनं थांबलं आन त्यो दिवा फिरून माझ्यावर आला. म्या म्हनलं आता सुरू हुनार. तवर झालंसुदीक."

हे ऐकताना जावई खुर्चीत पुढं सरकून बसले. "आजी, दिवा फिरला म्हणजे कसा फिरला?" आईनं हात आडवा धरून दाखवला, दारासारखा.

मग रात्री गच्चीवर बसून त्यांनी मला ते उलगडून सांगितलं, आणि मला ते अजून शब्द न् शब्द आठवतं. अरविंदमध्ये एका सर्जनला दोन टेबलं असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या पेशंटची तयारी चाललेली असते. निजवणं, डोळा साफ करणं, कापड घालणं, हत्यारं मांडणं. पहिलं झालं की सर्जन नुसता वळतो, मायक्रोस्कोप त्याच्याबरोबर वळतो, आणि दुसरं सुरू. तोवर पहिली बाई उठून जाते, तिच्या जागी तिसरी येते. समजा, ऑपरेशनला सात मिनिटं लागतात आणि तयारीला दहा. एकच टेबल असेल तर सर्जन सात मिनिटं काम करून दहा मिनिटं हात बांधून उभा. दोन टेबलं असली की दोन ऑपरेशनांमागं त्याची तीन मिनिटंच रिकामी जातात. आणि पेशंटवर मात्र काही घाई नाही, तिची दहा मिनिटांची तयारी दहा मिनिटांचीच होते.

जावई म्हणाले, "मामा, हेच आम्ही प्रेसवर करतो." प्रेसमध्ये एक साचा काढून दुसरा बसवायचा तर प्रेस बंद ठेवावा लागतो. टोयोटामध्ये १९६९ साली हजार टनांच्या एका प्रेसचा साचा बदलायला चार तास लागायचे. शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनीअरनं तो वेळ आधी दीड तासावर आणला, मग तीन मिनिटांवर. त्यानं काय केलं? कामांची दोन ढिगांत वाटणी केली. प्रेस बंद असतानाच करता येतील अशी एका ढिगात, आणि प्रेस चालू असताना आधीच उरकून ठेवता येतील अशी दुसऱ्यात. दुसरा ढीग फारच मोठा निघाला. नवा साचा आणून जवळ ठेवणं, बोल्ट मोजून ठेवणं, पाने हाताशी ठेवणं, हे सगळं लोक प्रेस बंद करून मग करायचे. त्याच टोयोटामधल्या ताइइची ओनो यांनी वायफळ जाण्याचे सात प्रकार लिहून ठेवले, त्याला जपानीत मुदा म्हणतात. त्यातला एक नुसतं थांबून राहणं. या सगळ्याला पुढं लीन हे नाव पडलं, ते बरंच नंतर आणि अमेरिकेत.

हे ऐकून मी गप्प बसलो. मुदा हा शब्द नवा होता, पण ती गोष्ट आमच्या केराच्या डब्यात रोज पडते. फक्त आम्ही कण मोजले, मिनिटं कधी मोजली नाहीत.

हे हॉस्पिटल ज्यांनी काढलं त्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींबद्दल मदुराईत घरोघर बोलतात. १९१८ चा जन्म, खेड्यातले. तरुणपणी संधिवातानं बोटं वाकडी झाली. त्याच बोटांनी, स्वतःच्या हाताला बेतलेली हत्यारं घेऊन, त्यांनी आयुष्यात लाखावर डोळ्यांची ऑपरेशनं केली. सरकारी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले आणि १९७६ साली ११ खाटांवर हे सुरू केलं. नाव अरविंद, योगी अरविंदांवरून. बँक कर्ज देईना, तेव्हा घर गहाण पडलं आणि घरातल्यांचे दागिनेही. गहाण पडलेला दागिना आम्ही रोज बघतो. तो कुठल्या तोंडानं दुकानात येतो ते आम्हाला माहीत आहे. त्यामुळं हा भाग मला नुसता गोष्टीसारखा ऐकता येत नाही.

डॉक्टर वेंकटस्वामींना मॅकडोनाल्ड्सचं फार नवल होतं. कुठल्याही गावात, कुणीही केलं तरी तीच वस्तू तशीच आणि त्याच दरात मिळते, मग डोळ्याचं ऑपरेशन तसं का मिळू नये, असं ते म्हणायचे. काही लोकांना हे ऐकून खटकतं. माणसाचा डोळा म्हणजे काय वडापाव आहे का, असं माझा एक व्याही म्हणाला. मला नाही खटकत. ज्याचे हात एकच काम रोज त्याच क्रमानं करतात त्याच्या हातून चूक कमी होते, हे ज्यानं मुशीत सोनं ओतलंय त्याला पटवून द्यावं लागत नाही. आणि आकडा बघा. ऑपरेशननंतर डोळ्यात जंतू शिरून डोळाच जातो, त्याची सगळ्यांना धास्ती. अरविंदनं आपल्या वीस लाख ऑपरेशनांचा हिशेब छापलेला आहे. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत औषध सोडायला लागल्यापासून हे प्रमाण दहा हजारात सातवरून दोनवर आलं. एवढा मोठा आकडा मोजून ठेवणं हेच मुळात शिस्तीचं काम आहे.

लेन्सची गोष्टही याच धाग्यातली. पूर्वी डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून यायची, शंभर डॉलरच्या आसपास. त्या भावात गरिबाला ती बसवणं शक्य नव्हतं. १९९२ मध्ये अरविंदनं मदुराईतच ऑरोलॅब काढली आणि स्वतः लेन्स करायला घेतली. किंमत दहा डॉलरवर आली, पुढं त्याहून खाली. आज इथली लेन्स शंभरावर देशांत जाते. माझ्या आईच्या डोळ्यात जी बसली ती याच गावात घडलेली.

आता मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. जावयांच्या एका जुन्या कंपनीतही लीन आलं होतं. कन्सल्टंट आले, जमिनीवर पिवळे पट्टे ओढले, भिंतीवर तक्ते लावले, स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागं उभे राहिले. तीन महिन्यांत एका लाइनवरचं काम नऊ माणसांऐवजी सहा माणसांत व्हायला लागलं. उरलेली तीन कंत्राटी पोरं दुसऱ्याच महिन्यात घरी. त्यानंतर लाइनवरच्या कुणीही एकही सुधारणा सुचवली नाही. सुचवली की शेजारच्याचं पोट जातं, हे सगळ्यांनी बघितलं होतं. जावई ते सांगताना अजून खाली बघतात, कारण स्टॉपवॉच धरणाऱ्यांत ते एक होते.

मिनिटं दोन्हीकडं वाचली. मग ती गेली कुठं, हे विचारायला पाहिजे. अरविंदमध्ये ती पुढच्या पेशंटकडं जातात. तिथल्या निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया मोफत किंवा अगदी नाममात्र पैशांत होतात, आणि त्याचा भार आमच्यासारख्या पैसे भरणाऱ्यांच्या पैशांतून उचलला जातो. सर्जन तोच, आज इकडं, उद्या तिकडं. पूर्वी नुसतं ऑपरेशन मोफत ठेवलं तरी लोक यायचे नाहीत. कारण शोधलं तर कळलं, येण्या-जाण्याचं भाडं नाही, जेवायचे वांधे, बरोबर यायला माणूस नाही. मग शिबिरातून थेट बसनं आणायचं, राहणं, जेवण, औषध, परत गावी सोडणं, सगळं फुकट केलं. मी रस्त्यात बघायचो त्या बसगाड्या याच. माझा पुतण्या तीन दिवसांचा रोजगार बुडवून बसला होता, त्या तीन दिवसांची किंमत इथं कुणीतरी बसून काढली होती.

आणि ही पद्धत त्यांनी कुलपात ठेवलेली नाही. १९९२ पासून त्यांची एक संस्था दुसऱ्या हॉस्पिटलांना हेच शिकवते, देशातल्या आणि बाहेरच्याही. आमच्या धंद्यात बाप मुलाला टंचाची खुबी मरायच्या आधी सांगतो, त्यामुळं याचं मला विशेष वाटलं.

आई दुसऱ्या दिवशी तपासणी होऊन घरी आली. आठवडाभर काळा चष्मा, थेंबांचं वेळापत्रक कागदावर, सकाळ-दुपार-संध्याकाळची चित्रं आम्हीच घरी काढलेली. ती विश्रांती घेत होती तेवढ्यात जावई दोन दिवस माझ्या दुकानात स्टुलावर बसले. मीच बसवलं. म्हटलं, बघा आमच्याकडं काय वायफळ जातंय.

एका गिऱ्हाइकाचं सोनं आटवून हातात द्यायला अर्धा तास लागायचा. त्यातलं विस्तवावर किती वेळ असतं? त्यांनी मोजलं, आठ-नऊ मिनिटं. बाकीच्या वेळात मी चिमटा शोधत होतो, टाकणखार डब्यातून काढून तोलत होतो, थंड साचा तापायची वाट बघत होतो, भट्टीवरचा हात पुसून पावती लिहीत होतो. गिऱ्हाईक उभं. एकोणतीस वर्षं.

आता टाकणखाराच्या पुड्या आदल्या रात्री बांधून ठेवतो. साचा तेल लावून भट्टीच्या कडेला कायम गरम. दुसरी मूस पहिलीच्या शेजारी तापत असते, पहिली ओतली की दुसरी तयार. वजन आणि पावती पूर्णपणे पोराकडं, त्यानं भट्टीकडं बघायचंच नाही. पंधरा-सोळा मिनिटांत माणूस मोकळा होतो. पोराला काढलं नाही, उलट दुपारी त्याला तास-दीड तास मिळतो त्यात टंच शिकवतो.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. जावई म्हणत होते की दोन मुशी आहेत तर दोन गिऱ्हाइकांचं सोनं एकदम चढवा. ते मी ऐकलं नाही. आमच्याकडं गिऱ्हाइकाला स्वतःचं सोनं डोळ्यांपुढून हलू द्यायचं नसतं. त्याच्या बायकोची पाटली मुशीत जाते, लाल होते, वितळते, ओतली जाते, हे सगळं तो बघत उभा असतो. त्या वेळी शेजारी दुसऱ्याचं सोनं उकळत असेल तर त्याच्या मनात पाल चुकचुकणारच, आणि ते चुकचुकणं बरोबर आहे. ते उभं राहणं मुदा नाही. जावयांना ते पटलं. ते म्हणाले, म्हणूनच तिथं आजींना दर टप्प्यावर नाव विचारत होते. दोन टेबलं शेजारी ठेवायची तर नाव आणि डोळा दहादा विचारावाच लागतो, ती मिनिटं वाचवायची नसतात.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. डॉक्टरांपाशी निवांत बसून सगळं घरचं बोलायचं असेल तर तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. बोलायचं ते समजावून सांगणाऱ्या सिस्टरपाशी बोला, तिचं कामच ते आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगते. फलक तमिळ आणि इंग्रजीत आहेत, तेव्हा बरोबर इंग्रजी किंवा तमिळ जाणणारं कुणीतरी हवं. साखरेच्या, दाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि जुने कागद घेऊन जा. सकाळी लवकर गेलात तर दुपारपर्यंत मोकळे व्हाल. मदुराई लांब पडत असेल तर कोइम्बतूरला, चेन्नईला आणि तिरुपतीलाही त्यांचं हॉस्पिटल आहे. आपल्याकडून बालाजीला जाणारे एवढे आहेत, त्यांना ते सोयीचं पडेल.

आणि मदुराईलाच आलात, भाषेची अडचण आली, तर साउथ आवणी मूल स्ट्रीटवर कुठल्याही गलाईच्या दुकानात शिरून मराठीत हाक मारा. कुणी ना कुणी पोरगा बरोबर येईल.

महिन्याची तपासणी झाली तेव्हा आईला घेऊन पुन्हा गेलो होतो. डावा डोळाही पिकत आलाय, तो दिवाळीनंतर करू असं सांगितलं. मी आईकडं बघितलं. ती बाकड्यावर बसली होती, समोरच्या तक्त्यावरचं ई कुठल्या बाजूला आहे ते शेजारच्या तमिळ म्हातारीला बोटांनी दाखवत. मला म्हणाली, "दिवाळीनंतर कशाला? जमत आसंल तर उद्याच करा म्हनावं."